कोंबड्याची ताटली

ईसा टाउनच्या त्या तीनमजली इमारतीत मसूदा हुर्जुकच्या घरातून रिकामं भांडं बाहेर पडलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. विरजणाला आलेली वाटी परत जाताना खिमा घेऊन जायची, ताकाचा तांब्या निघताना सोलकढीने भरून निघायचा. एकदा गॅसवाला आपला पाना विसरून गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला तो चार नानकटायांसकट कागदात गुंडाळून मिळाला. बिचारा घाबरला. त्याला वाटलं, बाई तक्रार करणार असतील.

"रिकामं भांडं परत गेलं की घरची बरकत त्याच्यासंगती जाते," असं म्हसळ्याला तिची आई शरीफुन्निसा सांगायची. आई चार वर्षांपूर्वी गेली, पण तिचा कायदा चोवीस वर्षं बहारीनमध्ये बिनतक्रार लागू होता.

समोरच्या दारात राहणाऱ्या सुनीता सामंतचा कायदा नेमका उलटा. तिच्याकडे गेलेलं भांडं, व्हिसा संपूनही परत न जाणाऱ्या माणसासारखं, तिथंच स्थायिक होई. तिच्या मनात पाप नव्हतं, विसराळूपणा होता; पण भांड्याच्या मालकिणीला त्याने काय फरक पडतो? मसूदाचा एक स्टीलचा डबा, झाकणावर 'म. इ. हुर्जुक' असं मशीनने कोरलेला, सहा वर्षं सुनीताकडे साबुदाणा सांभाळत होता. मसूदा चहाला आली की सुनीता झाकणावर हळूच फडकं टाकायची. मसूदा ते फडकं बघायची आणि चहा प्यायची. शेजार असा टिकतो.

एरवी दोघींचं गूळपीठ होतं. सुनीताच्या घरात मासळी चालत नसे आणि तिचा नवरा दत्तप्रसाद पडला वेंगुर्ल्याचा. सीफमधल्या बँकेत आठवडाभर आकडे जुळवून तो शुक्रवारी दुपारी "इक्बालभाईंशी जरा बोलून येतो" म्हणून समोर जायचा आणि सुरमईशी बोलून यायचा. मसूदाचा नवरा इक्बाल सलमाबादच्या एका अॅल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. तो कमी बोलायचा, त्यामुळे कोणाच्याच खाण्यात व्यत्यय येत नसे.

या गुळपिठात खडा पडला तो दोइनामुळे.

दोइना तळमजल्यावरची. रोमानियाची. सीफच्या एका हॉटेलात केक बनवायची. दोन वर्षांपूर्वी ती राहायला आली आणि मसूदाने तिला पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतलं. मासळी कुठे ताजी मिळते, कोणता शिंपी वेळेवर कपडे देतो, खोकल्याला हळद कशी घ्यायची, सगळं मसूदाने शिकवलं. तेही इंग्रजीत. मसूदाच्या इंग्रजीत क्रियापदं कमी आणि हातवारे जास्त होते, पण दोइनाचंही तसंच असल्यामुळे दोघींचं छान जमायचं. "माझी दोइना" असं मसूदा सगळ्यांना सांगायची. 'माझी' वर जरा जोर असायचा आणि तो जोर सुनीताच्या दाराकडे तोंड करून दिलेला असायचा.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला दोइना पंधरा दिवस गावी जाऊन आली. आली ती काळे कपडे घालून. पण बहारीनमध्ये काळं नेसलेली बाई कोणाच्या डोळ्यात भरणार? अर्धा बाजार काळाच असतो.

महिन्याभराने, एका शनिवारी सकाळी, तिने मसूदाच्या दाराची बेल वाजवली. हातात मातीची एक ताटली. पिवळट पांढऱ्या रंगावर तपकिरी आणि हिरव्या रेघांचा एक कोंबडा, छाती काढून उभा. ताटलीत शिजवलेल्या गव्हाचा गोड ढीग, वर अक्रोड आणि मधोमध खोचलेली बारीकशी मेणबत्ती.

"फॉर माय मामा," दोइना म्हणाली.

आता इथं लक्षात घ्यायला हवं, की मसूदा बहारीनमध्ये चोवीस वर्षं राहिली तरी तिचे कान म्हसळ्याचेच राहिले होते. मामा म्हणजे आईचा भाऊ. आणि मेणबत्ती म्हणजे काय, ते आता म्हसळ्यातसुद्धा पोरं सांगतात.

"हॅपी बर्थडे, मामा!" मसूदा आनंदाने म्हणाली. "गॉड गिव्ह लाँग लाइफ! मामा कम बहारीन. व्हिजिट व्हिसा, नो प्रॉब्लेम!"

दोइना काहीतरी बोलायला गेली, थांबली, मग मान हलवून समोरच्या दाराकडे वळली. तिच्या दुसऱ्या हातात आणखी एक ताटली होती, हे मसूदाला तेव्हा दिसलं. तीवर झाड होतं.

कोंबड्याची ताटली मसूदाच्या टेबलावर एक दिवस राहिली. तेवढ्यात तिने ती पुरती वाचून काढली. मसूदाचा हात मेंदीचा होता. ईदच्या आदल्या दिवशी तिच्याकडे बायकांची रांग लागायची. त्यामुळे रेघ बघितली की काढणारीचा हात तिला कळायचा. ही रेघ ब्रशची नव्हती, कशातून तरी थेंब-थेंब सोडलेली होती, मेंदीच्या कोनासारखी. मग ओल्या रंगातून बारीक तारेने ओढून पिसं काढलेली. काम नामी होतं. फक्त शेपटीच्या शेवटच्या पिसाशी हात हलला होता. रेघ थरथरून बाहेर गेलेली.

"दुसऱ्या नंबरचा माल हाय," ती इक्बालला म्हणाली. "पण दिल चांगला आहे पोरीचा."

आणि दुसऱ्या दिवशी, आईच्या कायद्याप्रमाणे, तिने ताटली लख्ख धुतली, नारळाच्या दुधात वाफवलेल्या पांढऱ्याशुभ्र सांदणांनी भरली आणि तळमजल्यावर परत नेऊन दिली. दोइनाने ताटलीकडे बघितलं, मसूदाकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला, जसा चुकीच्या दाराची बेल वाजवल्यावर आपला होतो.

"यू… डोन्ट लाइक?" तिने विचारलं.

"लाइक, लाइक! व्हेरी टेस्टी!" मसूदाने पोटावरून हात फिरवला.

दोइनाने ताटली आत नेली. विषय संपला असं मसूदाला वाटलं.

सुनीताने अर्थातच आपली ताटली परत केली नाही. विसरली.

दोन महिने गेले. पुन्हा शनिवार, पुन्हा बेल, पुन्हा गोड गहू, पुन्हा मेणबत्ती. पण मसूदाला मिळाला तो फॉइलचा डबा. कागदी झाकणाचा, बिर्याणी पार्सलला असतो तसला. समोर सुनीताला मात्र ताटली. नवी. तिच्यावर मधोमधून सुरू होऊन फिरत फिरत काठापर्यंत गेलेलं एकच वेटोळं.

"मामांचा परत वाढदिवस?" इक्बालने विचारलं.

"आपल्या गावात अर्ध्या माणसांचे दोन-दोन वाढदिवस असतात का नाय? एक खरा, एक पासपोर्टावरचा." मसूदाने मामांची बाजू घेतली, पण तिचं लक्ष फॉइलकडे होतं. तो घास काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना. दोन वर्षं खोकल्याला हळद मी पाजली, आणि ताटली तिला?

एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा बेल वाजली. मसूदाला फॉइल. सुनीताला ताटली. आणि या खेपेला ताटलीवर काय असावं? मासा! ठसठशीत, खवल्याखवल्यांचा, गोल डोळ्यांचा मासा.

हे मात्र अती झालं. ज्या घरात सुका बोंबील उंबरा ओलांडू शकत नाही, जिथली बाई समोरच्या फोडणीच्या वासाने खिडक्या लावून घेते, तिच्या भिंतीवर मासा! आणि जिच्या हातची सुरमई खायला बँकेची माणसं येतात, तिच्या नशिबी बिर्याणीचा डबा!

सुनीताने तिन्ही ताटल्या हॉलच्या भिंतीवर ओळीने लावल्या होत्या. मसूदा साखर मागायच्या निमित्ताने जाऊन बघून आली. मग दह्याच्या निमित्ताने. मग काहीच निमित्त उरलं नाही, तेव्हा सुनीताची तब्येत विचारायला.

"मला काय झालंय?" सुनीता म्हणाली.

"नाय, भिंतीजवळ बसतेस, दमट असतं," मसूदा म्हणाली. डोळे माशावर.

घरी येऊन तिने मुलीला, लाईबाला, मोबाइलवर शोधायला बसवलं. लाईबा नववीत. तिला आईचं सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची.

"ओके. ट्री ऑफ लाइफ. स्पायरल, लाइक, एंडलेस. फिश इज, उम्म, गुड लक. रूस्टर…"

"कोंबडा राहू दे. तो गेला. अजून काय हाय?"

"स्नेक. स्टार्स. अम्मी, यू कॅन ऑर्डर वन ऑनलाइन."

"विकत घेतलेली काय कामाची?" मसूदा कडाडली. "मला दिलेली पायजे!"

हे बोलून ती स्वतःच दचकली. इक्बालने टीव्हीचा आवाज हळूच वाढवला.

मत्सराची एक गंमत आहे. तो कधी स्वतःच्या नावाने घराबाहेर पडत नाही, नेहमी कोणाचा तरी सद्गुण अंगावर घालून निघतो. मसूदाचा मत्सर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी आईचा कायदा पांघरून सुनीताच्या दारात उभा राहिला.

"सुनीता, त्या पोरीच्या तीन ताटल्या तुझ्याकडे झाल्या. परत कर."

"तिने मागितल्या का?"

"मागायला लावायच्या काय गो? परदेशी मुलगी, एकटी. तिला वाटेल आपण मराठी बायका भांडी गिळतो."

"तुम्ही केलीत की परत. मग काय मिळालं? फॉइल!" सुनीता हसत म्हणाली.

हसत म्हटलेलंच जास्त लागतं. मसूदाचे कान लाल झाले. तिने हुकमाचं पान काढलं.

"ठीक. मग दत्तप्रसादभाऊंना सांग, आजच्या शुक्रवारपासून माझ्या घरी डाळ हाय. नुसती डाळ."

आतल्या खोलीतून दत्तप्रसादचा आवाज आला, "अगं, देऊन टाक ना त्या ताटल्या! भिंतीला उगाच भोकं पडतात."

सुनीताने तिन्ही ताटल्या उतरवल्या. तिच्याकडे घालायला काही नव्हतं, म्हणून मसूदानेच त्या आपल्या सांदणांनी भरल्या. एकेका ताटलीवर चार-चार सांदणं ठेवताना तिला फार बरं वाटत होतं. झाड झाकलं गेलं, वेटोळं झाकलं गेलं. माशाच्या डोळ्यावर तिने मुद्दाम सर्वांत जाड सांदण ठेवलं. मग इंग्रजीसाठी लाईबाला घेतलं, आणि वरात तळमजल्यावर निघाली.

दोइनाने दार उघडलं. काळा झगा. तिने पहिल्या ताटलीवरचं सांदण बोटाने जरासं सरकवलं, खालचं झाड दिसलं. दुसऱ्या ताटलीचा काठ बघितला. तिसऱ्या ताटलीशी तिचा हात थांबला. तिने सुनीताकडे बघितलं.

"यू ऑल्सो?" ती म्हणाली आणि दाराशेजारच्या चपलांच्या स्टुलावर मटकन खाली बसून रडायलाच लागली.

मसूदा आणि सुनीता एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. लाईबा खाली बसली आणि दोइनाशी हळूहळू बोलू लागली. बराच वेळ बोलली. मग आईकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, मराठीत बोलली.

"अम्मी, मामा म्हणजे अंकल नाय. मामा म्हणजे तिची आई. ती ऑक्टोबरमध्ये मेली."

लाईबा बोटं मोजू लागली.

"चाळीस दिवस झाले की, मग तीन महिने, मग सहा महिने, असं हे लोक जेवण देतात. भांड्यासकट. भांडं ठेवून घ्यायचं असतं. आपण त्याच्यात खाल्लं की तिच्या आईला तिथं पोचतं. परत दिलं तर…" लाईबाला शब्द सापडेना. "परत दिलं तर मग नाय पोचत."

मसूदाला हॅपी बर्थडे आठवलं. लाँग लाइफ आठवलं. व्हिजिट व्हिसा आठवला. धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटलं. तळमजल्यावरच उभी होती, धरणी फार लांबही नव्हती.

आणि तेवढ्यात सुनीताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"म्हणजे स्मरणार्थ!" ती ओरडली. "मसूदाताई, आपलं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'! माझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही स्टीलची ताटं वाटली होती नाव कोरून. ती कोण परत देतं? हिच्याकडे नाव लिहीत नाहीत, चित्र काढतात, एवढंच!"

असं म्हणून तिने तिन्ही ताटल्या सांदणांसकट छातीशी धरल्या. "नो रिटर्न!" ती दोइनाला म्हणाली. "माय! माय! नेव्हर रिटर्न!"

दोइना रडता रडता हसली आणि उठून सुनीताला मिठी मारली.

मसूदा बघत राहिली. सहा वर्षांत एक डबा परत न करणारी बाई आज धर्माने बरोबर ठरली होती, आणि जन्मभर भांडी भरभरून परत करणारी मसूदा एका मेलेल्या आईचा घास दारातून माघारी पाठवणारी. बरं, सांदणंही मसूदाचीच होती, सुनीताच्या मिठीत चेंगरत होती. तिला सुनीताचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

"लाईबा, तिला सांग," ती म्हणाली. "तिला सांग, माझी आई गेली तेव्हा पासपोर्ट रिन्यूला गेलेला होता. मी चवथ्या दिवशी पोचली. चाळिसाव्याचं जेवण मी इथं वाटलं, फॉइलच्या डब्यात. खाऊन लोकांनी डबे फेकले. आईचं नाव कुठं राहिलं नाय. मला कळायला पायजे होतं. मला तरी."

लाईबाने सांगितलं. दोइनाने डोळे पुसले, आत गेली. फ्रिजवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू होती. टॉवेल सोडला तसा कोंबडा बाहेर आला, छाती काढून, जसा गेला होता तसा.

ताटली परत आल्यापासून दोइनाला तिचं काय करावं ते कळत नव्हतं. एकाच्या नावाने निघालेली ताटली दुसऱ्याला देता येत नाही, आणि आपण त्यात जेवताही येत नाही. म्हणून पाच महिने कोंबडा फ्रिजवर बसून होता, टॉवेल पांघरून.

"हे कोणी काढलं?" मसूदाने शेपटीवर बोट ठेवून विचारलं. "हिकडे हात हललाय."

लाईबा आणि दोइना पुन्हा बोलल्या. त्यांच्या गावात चाक पुरुष फिरवतात आणि चित्रं बायका काढतात. बैलाच्या शिंगात रंग भरतात, टोकाला पिसाची नळी बसवतात आणि त्यातून थेंब सोडतात. सुनीताच्या तिन्ही ताटल्या गावातल्या शेजारच्या बाईने काढलेल्या होत्या. कोंबडा एकटा दोइनाच्या आईचा. शेवटच्या उन्हाळ्यात काढलेला. तेव्हा तिचा हात कापायला लागला होता. त्याच्यानंतर तिने शिंग हातात धरलं नाही.

मसूदाने शेपटीचं ते थरथरलेलं पीस पुन्हा बघितलं. दुसऱ्या नंबरचा माल, असं ती म्हणाली होती. तिने ते पीस अंगठ्याने अलगद पुसलं, जणू तिचे शब्द त्याला चिकटलेले होते.

"अम्मी, शी सेज रूस्टर वॉचेस द हाउस," लाईबा म्हणाली. गाडी पुन्हा इंग्रजीवर आली होती. "कीप्स बॅड थिंग्ज अवे."

"माहीत हाय," मसूदा म्हणाली. "कोंबड्याला फरिश्ते दिसतात. म्हणून तो बांग देतो. माझी आई सांगायची."

पण ताटली रिकामी कशी द्यायची? दोइनाने घरात बघितलं. शनिवार नव्हता, गहू शिजवलेला नव्हता. मग तिने सुनीताच्या मिठीतल्या माशावरून दोन सांदणं उचलली आणि कोंबड्यावर ठेवली. मेणबत्ती आणून खोचली, पेटवली. ताटली दोन्ही हातांनी पुढे धरली आणि म्हणाली, "फॉर माय मामा."

घेताना त्यांच्यात एक शब्द म्हणतात, तो दोइनाने म्हणून दाखवला. मसूदाने तीनदा प्रयत्न केला, जीभ अडखळली. शेवटी तिने तिच्याकडचा त्यातल्या त्यात पक्का शब्द काढला.

"कबूल," ती म्हणाली. आणि पुन्हा काही चूक राहू नये म्हणून, "कबूल, कबूल."

"अम्मी! दॅट्स फॉर वेडिंग्ज!" लाईबाने कपाळावर हात मारला.

त्या दुपारी दत्तप्रसाद नेहमीप्रमाणे इक्बालशी बोलायला आला तेव्हा सुरमई होती. कोंबडा भिंतीवर लावला नव्हता. मसूदाने त्याच ताटलीत भात घेतला आणि सगळ्यांसमोर सावकाश जेवली, कण न टाकता. दत्तप्रसादने घरी जाऊन ते सांगितलं असावं. आणि कोंबडा आईच्या हातचा, शेवटचा, एकुलता एक, हेही सुनीताच्या मनात घोळून झालं असावं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सुनीता. हातात स्टीलचा डबा, घासून चकचकीत, झाकणावर 'म. इ. हुर्जुक'. सहा वर्षांनी आणि वर तुपातल्या बेसनलाडवांनी भरलेला.

"तुमचा डबा," सुनीता गोड आवाजात म्हणाली. "राहूनच जात होता बघा." तिची नजर मसूदाच्या खांद्यावरून आत टेबलाकडे गेली आणि तिथेच थांबली. "मी काय म्हणते मसूदाताई, तुम्ही तर काय, मासळीवाल्या. तुम्हाला खरं तर माझा मासा शोभेल. आणि मला आपलं काय, कोंबडाही चालेल…"

मसूदाने डबा घेतला, झाकण उघडलं, लाडू मोजले नाहीत, एक तोंडात टाकला.

"लाडू चांगले झालेत गो," ती म्हणाली. "डबा ठेवून घेते. कोंबडा मिळायचा नाय."

आणि दार लावता लावता तिला आईचा कायदा आठवला. ती मागे वळली, डब्यातले लाडू घाईघाईने परातीत काढले, डबा धुतला, काल उरलेल्या सांदणांनी भरला आणि सुनीताच्या हातात परत दिला.